चाळीस फुटांचा रस्ता

पुण्याला इंजिनीअरिंग शिकत असताना शेवटच्या दोन वर्षांसाठी मी टाउन प्लॅनिंग हा विषय घेतला, तेव्हा वर्गातल्या मुलांनी मला वेड्यात काढलं. धरणं, पूल, रेल्वे यांत मान होता. गावं आखणाऱ्याला नोकरी कोण देतं आणि कसली देतं, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्या तासाला आम्ही चौघेच बसायचो. नगररचना हा शब्दसुद्धा तेव्हा रुळला नव्हता. सुट्टीत घरी गेलो की लोक विचारायचे, "कसलं शिकतोस रं?" मी सांगायचो, "गाव कसं वसवायचं ते." त्यावर ठरलेला सवाल यायचा, "गाव तर हाईच की. आता आनि कुठलं वसवतोस?"

मला मात्र तो विषय का घ्यायचा हे पक्कं ठाऊक होतं. आमचं घर बेळगावच्या दक्षिण टोकाला, जिथं बाजारपेठेचा रस्ता संपून भाताची शेतं सुरू होत, तिथं होतं. माझ्या लहानपणी प्लेगची साथ आली की शहर रिकामं व्हायचं. वकील, मास्तर, दुकानदार सगळे गावाबाहेर झोपड्या घालून राहायचे. त्यातल्या कैक झोपड्या आमच्या उंचवट्यावरच्या तुकड्यात असायच्या. साथ ओसरली की ती माणसं पुन्हा आपल्या अंधाऱ्या बोळांत परतायची, पण जाताना म्हणायची, "इथं बरं होतं बघा. वारं होतं." बाहेर मोकळं राहायला सगळ्यांनाच आवडत होतं. मग कायमचं का राहत नाहीत? रस्ता नव्हता, पाणी नव्हतं, गटार नव्हतं. हे सगळं आधी आखून मग घरं बांधायची, असं शिकवणारा विषय आहे, हे मला कॉलेजात कळलं आणि मी त्याला चिकटलो.

आमचे सर विलायतेहून शिकून आलेले. तिथली गावं त्यांनी पाहिली होती, पण त्यांचं कौतुक सांगत बसायचे नाहीत. ते आम्हाला पेठांमधून चालवायचे. एका बोळात किती घरांचं सांडपाणी कुठं जातं, हे वहीत लिहून आणायला सांगायचे. मी टेबलाशी बसून सुबक नकाशे काढायचो. माझी रेघ वर्गात सगळ्यांत स्वच्छ होती आणि त्याचा मला गर्व होता. सरांनी एकदा माझा नकाशा उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "छान आहे. इथं कोण राहतं?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आण्णाचं पत्र आलं. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर शेत त्यानंच सांभाळलं आणि मला शिकवलंही त्यानंच. तो मराठी चौथी शिकलेला, पत्र नेहमी दोन ओळींचं. या वेळी पानभर होतं. आमच्या बाजूच्या चौदा शेतकऱ्यांना नोटिसा आल्या होत्या. गाव वाढवायची योजना मंजूर झाली होती. आमच्या शेतांतून चाळीस फुटी रस्ता जाणार होता, उरलेल्या जमिनीचे प्लॉट पडणार होते, आणि त्याचा निवाडा करायला सरकारनं एक लवाद अधिकारी नेमला होता. "तू हेच शिकतोस ना? तर ये आणि वाचून सांग," एवढं शेवटी लिहिलं होतं.

मी पत्र घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, आत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. तीत त्यांची स्वतःची जुनी लेव्हल होती, जमिनीचा चढउतार मोजायचं दुर्बिणीचं यंत्र.

"घेऊन जा," ते म्हणाले. "ही पडली तर तूही तिच्यासोबत पड."

पुणे ते बेळगाव सारी वाट मी ती पेटी मांडीवर घेऊन बसलो. मिरजेला चहा प्यायला उतरलो नाही.

घरी आलो तर सोप्यात दहाबारा माणसं आधीच बसलेली. त्यांत शेजारच्या शेताचे आप्पा होते. सत्तरीचे, काटक, ओढ्याकडेच्या खोलगट जमिनीचे मालक. आण्णानं नोटीस आणि नकाशाची नक्कल पुढं टाकली. मी वाचून मराठीत सांगायला लागलो. सगळ्यांच्या लांबट पट्ट्या कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते काढायचे, आणि उरलेल्या जमिनीचे नीट चौकोनी तुकडे पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे.

आप्पांनी मला थांबवलं. "म्हंजे माजं रान माज्या हातनं काढून मलाच देनार व्हय?"

"व्हय आप्पा. थोडं कमी करून."

"कमी का रं?"

"रस्त्याला जातंय ते."

"रस्ता कुनासाठी?"

"तुमच्या तुकड्याला तोंड यावं म्हणून. आता तुमच्या रानात जायला दुसऱ्याच्या बांधावरनं जावं लागतंय. रस्ता आला की घर बांधा, विका, काय बी करा."

"मला घर बांधायचं न्हाय, भात लावायचं हाय," आप्पा म्हणाले, आणि सगळे हसले. पण ते पुढं म्हणाले ते मी विसरलो नाही. नकाशावर रस्त्याची दुहेरी रेघ होती, तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यो रस्ता ओढ्याच्या कडंनंच जातोय न्हवं? श्रावणात त्यावरनं होडी घालनार काय?"

मी नकाशाकडे पाहिलं. बाजारपेठेचा रस्ता जिथं संपतो तिथून सरळ रेघ पुढं नेली होती. ओढा दोन बारीक रेघांत दाखवला होता. मोजणी उन्हाळ्यात झालेली. उन्हाळ्यात तो ओढा बायका धुणं धुतात एवढाच असतो. श्रावणात तो अंग पसरून दोन्हीकडची भातं बुडवतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या क्षणापर्यंत नकाशातला ओढा आणि आमचा ओढा एकच आहे, असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर येता का? पाणी कुठवर येतं ते मला दाखवा. मी मोजतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुरू केलं. लेव्हल तिपाईवर बसवली, आणि आप्पांच्या हातात आकडे लिहिलेली उंच पट्टी दिली. ती उभी धरून हलायचं नाही, एवढंच काम. आप्पांनी ती देवळातल्या भालदारासारखी धरली आणि मग दिवसभर त्यांना बसा म्हणून सांगावं लागलं. शेतात ठिकठिकाणी थांबून मी विचारायचो, "इथं पाणी कुठवर येतं?" आणि ते सांगायचे, "हितं मांडीला. तितं गुडघ्याला. त्या बाभळीपाशी घोट्याला बी लागत न्हाय." मी तसंच वहीत लिहिलं: मांडी, गुडघा, घोटा. संध्याकाळी घरी येऊन फीत घेतली आणि आप्पांची मांडी, गुडघा, घोटा जमिनीपासून मोजून घेतले. वैनी, म्हणजे आण्णाची बायको, दारात उभी राहून बघत होती. ती हसून म्हणाली, "भावजी, पुन्याला हेच शिकवत्यात?"

पण हिशेब मांडला तेव्हा मी उठून उभा राहिलो. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. म्हणजे आप्पांनी सांगितलेल्या प्रत्येक जागी जमिनीची उंची अधिक पाण्याची खोली, ही बेरीज सारखी यायला हवी. ती तीन इंचांच्या आत सारखी येत होती. म्हाताऱ्याच्या आठवणीत लेव्हलइतकीच नेमकी पट्टी होती. पुस्तकातल्या कुठल्याही धड्यानं मला एवढा आनंद दिला नव्हता.

चार दिवसांत पाण्याची हद्द कागदावर उतरली. निळ्या शाईनं मी ती रेघ ओढली. योजनेतला रस्ता जवळजवळ निम्मा तिच्या आत होता. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे पंधरावीस प्लॉटही. तिथं कुणीतरी उमेदीनं घर बांधलं असतं आणि पहिल्याच पावसात चूल पाण्यात गेली असती.

आता रस्ता कुठून न्यायचा, ते मला काढायचं होतं. चूक दाखवून गप्प बसणं मला पटेना. मी ट्रेसिंगचं कापड पसरलं आणि कोरड्या जमिनीवरून रेघ शोधायला लागलो. पहिली रेघ एका छोट्या देवळावर गेली. दुसरी इतकी वाकडी झाली की तिच्यावरून गटाराचं पाणी वाहिलं नसतं. तिसरी सरळ होती, कोरडी होती, चढ सौम्य होता. ती आमच्या उंचवट्यावरच्या तुकड्यातून जात होती. नुसती तुकड्यातून नव्हे, विहिरीच्या पूर्वेला मोटेची धाव होती, तिच्यावरून. बैल मोट ओढत ज्या उतारावरून खाली जातात ती धाव. विहीर आण्णानं दोन उन्हाळे खपून खणली होती. मी पुण्याला शिकत होतो ते त्या विहिरीवरच्या मिरचीवर आणि रताळ्यांवर.

मी पुन्हा सगळं पुसून सुरुवात केली. दोन दिवस घालवले. रेघ तिथंच येत होती.

खरं सांगायचं तर एक विचार मनात येऊन गेला. नुसती हरकत घ्यावी, पर्याय देऊच नये. साहेबांना शोधू दे. पण कोणताही शहाणा माणूस शोधायला लागला तर त्याला हीच जागा सापडणार, हे मला कळत होतं. आणि नाही सापडली तर रस्ता पाण्यातच राहणार होता.

तिसऱ्या प्रहरी आण्णा अंगणात जू दुरुस्त करत बसला होता. मी जवळ जाऊन बसलो.

"आण्णा, रस्ता वर सरकवायला पाहिजे."

"सरकव की मग. त्यात मला काय इचारतोस?"

"वर म्हणजे आपल्या तुकड्यातनं."

त्याचे हात थांबले. "हिरीवरनं?"

"विहिरीच्या पूर्वेकडनं. धाव जाते."

"धाव गेली म्हंजे हीर गेलीच की रं."

तो थोडा वेळ दोरी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "दुसरी वाट न्हाय?"

"न्हाय. लई बघितलं."

"तुज्या मास्तरानं बघितली तर?"

"त्यांना बी हीच मिळंल."

आण्णा उठला, पायताण घातलं आणि विहिरीकडे गेला. मला वाटलं, आता हा परत येऊन कागद फाडेल. फाडला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. दिवेलागणीला तो परत आला. हातपाय धुतले, जेवायला बसला, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाला, "साहेबापुढं तू सांगशील तवा आपला तुकडा हाय म्हून आधी सांग. लपवून सांगू नकोस. मागनं कळलं तर लोक म्हनतील, ह्यानं कायतरी मिळवलं."

वैनीचा हात भाकरीवर थांबला होता. तिला आत्ताच कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं ते पाहणं मला सोसलं नाही.

सुनावणी एका शाळेच्या लांब खोलीत होती. लवाद अधिकारी पन्नाशीचे, बुटके, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले. शेतकऱ्यांशी ते ज्याच्या त्याच्या भाषेत बोलत होते, कानडी माणसाशी कानडीत, मराठी माणसाशी मराठीत. शेजारी योजना तयार करणारा सर्व्हेयर बसला होता. आमचा नंबर आला तेव्हा मी कागदांची गुंडाळी घेऊन पुढं झालो. सर्व्हेयरनं विचारलं, "तुम्ही कोण? वकील?"

"अर्जदाराचा भाऊ."

"मग भावाला बोलू द्या."

"मी टाउन प्लॅनिंग शिकतो," मी म्हणालो. मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची फाइल बाजूला सरकवली आणि म्हणाले, "शिकलेलं इथं पसरा."

मी पसरलं. पाण्याची निळी रेघ दाखवली, उंचीचे आकडे दाखवले. सर्व्हेयर म्हणाला, "पाणी कुठवर येतं याला पुरावा काय? उन्हाळ्यात पाणी कुठून मोजलं?" मी आप्पांना पुढं बोलावलं आणि मांडी, गुडघा, घोटा ही सगळी हकिगत सांगितली. खोलीत हशा पिकला, पण साहेब वहीतली बेरीज स्वतः तपासत होते. पाचसहा जागांच्या बेरजा तपासून त्यांनी चष्मा काढला.

"आणि ही लाल रेघ?"

"रस्ता इथून न्यावा असं मला वाटतं. आधी सांगतो, हा तुकडा आमचा आहे. यात आमची विहीर निकामी होते."

साहेबांनी आण्णाकडे पाहिलं. "तुम्हाला हे ठाऊक आहे?"

आण्णा नवा पटका बांधून आला होता. तो म्हणाला, "ठावं हाय साहेब. माज्या मनाला इचाराल तर मला नको हाय. पर पोरगं खोटं सांगत न्हाय."

साहेबांनी निळ्या आणि लाल रेघेवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "उन्हाळ्यात एकदा चूक झाली आहे, पुन्हा उन्हाळ्यातच निकाल द्यायचा नाही. तुमच्या या निळ्या रेघेवर खुंट्या मारून ठेवा. श्रावणात मी स्वतः येतो."

मी आणि आप्पांनी खुंट्या ठोकल्या, टोकांना चुना लावला आणि मी पुण्याला परतलो. छाती फुगली होती हे कबूल करतो. चौघांच्या वर्गात मी ती गोष्ट तीनदा तरी सांगितली.

श्रावणात आण्णाचं पत्र आलं. "साहेब आलते. घोंगडं घेऊन दोन तास पावसात फिरले. तुझ्या खुंट्या ओढ्याच्या वरच्या अंगाला बरोबर. खालच्या अंगाला पाणी खुंट्यांच्या बाहेर वीस पावलं. साहेबांनी बघितलं. आप्पा गप्प बसले. मी पण."

ते पत्र वाचून माझे कान तापले. त्याच दुपारी सरांकडे गेलो आणि पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. वाटलं, लेव्हल जुनी होती, तिच्यात दोष असेल असं ते म्हणतील. ते म्हणाले, "ओढ्याच्या खालच्या अंगाला काय आहे?"

"गाडीवाट आहे. दोनतीन वर्षांपूर्वी भराव घालून उंच केली."

"तिला मोरी आहे?"

"आहे."

"किती रुंद?"

मला ठाऊक नव्हतं.

"तू मोजली नाहीस. आणि तुझे आप्पा?"

"त्यांचं शेत वरच्या अंगाला. खाली ते जात नाहीत."

"मग त्यांनी आपल्या शेतातलं बरोबर सांगितलं. बाकीचं विचारायचं काम तुझं होतं."

चूक सापडली तेव्हा मात्र मला हलकं वाटलं. चूक अंधारात असली की छळते. कुठं आहे ते कळलं की दुरुस्त करता येते. मी त्याच दिवशी साहेबांना पत्र लिहिलं. खालच्या अंगाची हद्द माझ्याकडून चुकली, कारण बहुधा भराव आणि अरुंद मोरी, दिवाळीच्या सुट्टीत मोजून सुधारलेला नकाशा पाठवतो, तोवर निकाल थांबवावा. उलट टपाली कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "थांबतो, मोजा."

दिवाळीत मी आणि आण्णा त्या मोरीत उतरलो. निम्मी मोरी दगडगोट्यांनी भरली होती. आण्णा पट्टी धरून उभा होता, मी आकडे लिहीत होतो. सगळं मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "मग? रस्ता आनि वर?"

"तीस फूट."

"म्हंजे धावेचं सोड, आता हीरच येती त्यात."

"कडेला येते."

त्यानं मान हलवली आणि पट्टी खांद्यावर टाकून चालायला लागला.

सुधारलेला नकाशा गेला, आणि साहेब शेवटच्या पाहणीला आले तेव्हा सुट्टी संपली नव्हती म्हणून मी हजर होतो. रस्ता वर सरकवायचा हे त्यांनी मान्य केलं. ओढ्याकाठची बुडीत जमीन प्लॉटांतून काढून मोकळी ठेवायची, मुलांना खेळायला आणि पावसाला पसरायला. गाडीवाटेची मोरी मोठी करायची. आप्पांना आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना वर कोरडे तुकडे. सर्व्हेयर म्हणाला, "विहीर रस्त्याच्या कडेला येते, बुजवून टाकावी."

तेव्हा वैनी पुढं आली. ती ताकाचा तांब्या घेऊन आली होती. पदर नीट करून ती साहेबांना म्हणाली, "मोटंला उपेगाची न्हाय ऱ्हायली तर न्हाय. पर बुजवू नका. हितं घरं होनार म्हनतासा. बायका पान्याला कुठं जातील?"

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या नकाशात पिण्याचं पाणी कुठं आहे?"

माझ्या नकाशात रस्ते होते, गटारं होती, मैदान होतं. पाणी नव्हतं. नळ कधीतरी येतील असं मी गृहीत धरलं होतं. साहेबांनी माझी पेन्सिल मागून घेतली आणि विहिरीभोवती रस्त्याची कड जरा फुगवून मोकळी जागा काढली. शेजारी मराठीत लिहिलं, "सार्वजनिक विहीर". वैनीनं सगळ्यांना ताक दिलं. मला शेवटी दिलं, पण दिलं.

आण्णाला बदल्यात दोन बाजूंना रस्ता असलेला तुकडा मिळाला. आज ज्याला मोक्याचा म्हणतील तसा. पण शेतकऱ्याला मोक्याचं काय? त्यानं मोटेची बैलजोडी विकली आणि गावापलीकडचं आमचं दुसरं भाताचं रान तेवढं कसत राहिला. तो मला कधी टोचून बोलला नाही. फक्त पुढं वर्षभर तो बाजाराला जाताना त्या बाजूनं गेला नाही, लांबच्या वाटेनं गेला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सवय हाय." मी पुन्हा विचारलं नाही. त्या मोकळ्या विहिरीवर प्लॉटांतल्या पहिल्या बिऱ्हाडाच्या बायका घागरी घेऊन आल्या, त्या दिवशी मात्र तो तिथं गेला आणि त्यांना कुठली पायरी निसरडी आहे ते दाखवून आला. हे मला वैनीनं पत्र लिहून घेऊन कळवलं.

माझी परीक्षा त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात झाली. तोंडी परीक्षेला मुंबईहून आलेल्या साहेबानं इंग्रजीत विचारलं, पूररेषा कशी ठरवावी. मी पुस्तकातली रीत सांगितली आणि मग म्हणालो, शिवाय दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांना विचारावं, एकाच अंगाच्या नव्हे. त्यानं पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. मी पहिल्या वर्गात आलो. पूल शिकलेल्या मित्रांना नोकऱ्या मिळायला महिने लागले. मला लवादसाहेबांचं पत्र निकालाच्या आठवड्यातच आलं. त्यांच्या कचेरीत मदतनिसाची जागा होती. पगार फार नव्हता. मी दुसऱ्या दिवशी हजर झालो.

पहिलं स्वतंत्र काम निपाणीचं मिळालं. बाजाराच्या मागं तंबाखूच्या वखारी वाढत चालल्या होत्या आणि तिथला एक चौक सतत तुंबायचा. चौकाचा कोपरा किती गोल काढायचा, ते ठरवायचं होतं. हाताशी असलेल्या इंग्रजी पुस्तकात कोपऱ्यांचं कोष्टक होतं, पण ते मोटारींसाठी. निपाणीत मोटारी दोनचार, बैलगाड्या शेकड्यांनी. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि चौकात जाऊन उभा राहिलो.

तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च बांधलेले मोठे गठ्ठे, भरलेली एक गाडी वखारीकडे वळत होती. गाडीवान चाळिशीचा, मिशाळ. मी त्याला थांबवलं आणि म्हणालो, "मामा, जरा पुन्हा वळवून दाखवता?"

"का? काय पडलं?"

"काही नाही. गाडीला वळायला किती जागा लागते ते मोजायचंय."

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. "रिकामी वळवू का भरलेली?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. "फरक पडतो?"

"पडतो तर! भरलेली असली म्हंजे बैल आकूड वळत न्हाय. वझं अंगावर येतंय."

"मग भरलेलीच."

त्यानं गाडी पेठेच्या तोंडाशी मागं नेली आणि हाक देऊन वळवली. मी धुळीत उमटलेल्या चाकोरीच्या बाहेरच्या कडेला खुंट्या मारत गेलो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, कारण त्यानंच सांगितलं की त्याचा डावा बैल आळशी आहे. मागं तीन गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांचे गाडीवान आधी ओरडले, मग काय चाललंय ते कळल्यावर उतरून आले आणि आपापलं मत देऊ लागले. एकानं आपली गाडी जास्त लांब आहे म्हणून तीही मोजायला लावली. दुपारपर्यंत माझ्याजवळ पाच गाड्यांची मापं होती आणि अंगावर निपाणीची तंबाखूमिश्रित धूळ. शिंकून शिंकून डोळ्यांत पाणी आलं होतं. मिशाळ मामांनी आपल्या भाकरीतली अर्धी मला दिली, वर मिरचीचा खर्डा.

पुस्तकात होता त्याहून माझा कोपरा बराच मोठा निघाला. एका वखारवाल्याच्या ओट्याचा तुकडा त्यात जात होता. तो कुरकुर करणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याच्याशी बोलायची माझी तयारीही होती. कचेरीत परतल्यावर मी नकाशा शाईनं पक्का केला, खाली प्रथमच माझी स्वतःची सही केली आणि साहेबांकडे पाठवला. संध्याकाळी तो परत आला. कोपऱ्याशी समासात साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हे माप कोठून घेतले?"

मी त्याखाली लिहिलं, "चौकातून. भरलेल्या गाडीने."